विंडोज ११ टाकली का? सांगली-साताऱ्याकडचे अनुभव

विश्रामबाग, सांगली (कर सल्लागार)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. त्याच्या आधीपासून आमच्या ऑफिसात एकच विषय चाललाय, अकरावर जायचं की नाही. मशीन काही बंद पडलेलं नाही. हिशेबाचं टॅली चालतंय, जीएसटीचं पोर्टल उघडतंय. पण आमच्याकडे लोकांचे पॅन, बँक खाती, डिजिटल सह्या असतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या मशीनवर हे सगळं ठेवणं मला पटत नाही. आणि आमचे दोन पीसी तर ‘विंडोज ११ चालणार नाही’ म्हणून सांगतायत.

म्हणून हा धागा. नुसतं ‘टाकून घ्या, काही होत नाही’ असं नको. तुमचं काम काय, कॉम्प्युटरला काय काय जोडलंय, कशावर अडलात आणि शेवटी काय केलंत, ते लिहा. माझं मत असं होत चाललंय की प्रोसेसर कितवा हे नंतर बघावं, त्या मशीनवाचून कुठलं काम अडेल ते आधी. तुम्हाला काय वाटतं?

गणपती पेठ, सांगली (कॉम्प्युटर दुरुस्ती)

ताई, आधी त्या दोन पीसींचा प्रोसेसर कुठल्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा आहे ते बघा. इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा असेल तर बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, सेटिंग बंद असतं. विंडोज ११ ला टीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग लागतो, आणि असेंबल केलेल्या पीसीत तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बहुतेकदा बंदच असतो. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी नावानं सापडतो, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. तो चालू केला की ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं ॲप पास दाखवतं. काही ठिकाणी विंडोज जुन्या पद्धतीनं मारलेली असते, डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. ती जीपीटी या नव्या प्रकारची केल्याशिवाय सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाचं संरक्षण, चालू करता येत नाही. डेटा न जाता होतं ते, तरी बॅकअप घेतल्याशिवाय मी हात लावत नाही. एएमडीत मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कंपनीची यादी उघडून बघा.

आपल्या गावचं एक सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कितीतरी दुकानांत पाणी शिरलं, कॉम्प्युटर गेले. माझ्या गिऱ्हाइकांत त्यानंतर ज्यांनी नवीन मशीन घेतलं त्यांच्याकडं आठवी-नववी जनरेशन आहे, ते सुटले. ज्यांनी कंपन्यांतनं निघालेले वापरलेले पीसी घेतले, ते चौथ्या नाहीतर सहाव्या जनरेशनचे, ते आता अडकलेत. त्या वेळी फर्निचर, माल, सगळंच नव्यानं उभं करायचं होतं, त्यांनी दुसरं काय करायचं होतं? त्यांना ‘फेका आणि नवीन घ्या’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. एसएसडी ही वेगवान डिस्क घाला, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम बसतंय का बघू, इथनं आम्ही सुरुवात करतो.

पळवाट काढून न चालणाऱ्या मशीनवरही अकरा चढवता येते. व्हिडिओ ढिगानं आहेत. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. म्हणजे ज्यासाठी बदलायचं तेच हाताला लागत नाही. धंद्याच्या मशीनवर मी हे करून देत नाही.

मिरज (पॅथॉलॉजी लॅब)

आमच्याकडे रक्ततपासणीचं यंत्र सिरियल केबलनं पीसीला जोडलंय. त्याचं सॉफ्टवेअर जुनं, आणि नवीन विंडोजसाठी ते निघालेलंच नाही. सर्व्हिसला येणारे इंजिनिअर म्हणाले, ‘हात लावू नका.’ यंत्र उत्तम चालतंय, त्याची किंमत पीसीच्या कितीतरी पट. तेव्हा तो पीसी विंडोज १० वरच ठेवला आणि इंटरनेटची वायर काढून टाकली. रिपोर्ट टाइप करणं, पेशंटला व्हॉट्सॲपवर पाठवणं हे सगळं शेजारच्या नवीन मशीनवर. आकडे दोनदा भरावे लागतात, पण पेशंटची माहिती धोक्यात टाकण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

मार्केट यार्ड, सांगली (हळद-बेदाणा अडत)

आमचा पट्टीचा प्रोग्राम वडिलांनी फॉक्सप्रोमध्ये करून घेतलेला, डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातल्या सिस्टीमचा. काळा स्क्रीन, माऊस नाही. पण शेतकरी समोर बसलेला असताना वजन, दर, हमाली, तोलाई, वजा जाता रक्कम अशी पट्टी खडाखड निघते, डॉट मॅट्रिक्सवर कार्बनच्या प्रतीसकट. आजवर तो चालला कारण आमची विंडोज १० ही ३२ बिटची होती. अकरा फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम सरळ चालतच नाहीत. हे आम्हाला दुकानदारानं सांगितलं नव्हतं, मशीन दारात आल्यावर कळलं.

भाच्यानं त्यावर डॉसबॉक्स-एक्स टाकलं, ते नव्या मशीनवर डॉसचे प्रोग्राम चालवतं. प्रोग्राम लगेच उठला, जुना डेटाही दिसला. छपाईनं मात्र जीव खाल्ला. पान मधेच तुटायचं, दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव पहिल्याच्या पट्टीवर यायचं. पानाची लांबी जुळवून ते मार्गी लागलं. हळदीचा हंगाम लागायच्या आधी दोन्ही मशीनवर त्याच पट्ट्या काढून ताळा बघितला, मगच जुनं बाजूला केलं. माझं सांगणं एवढंच, सौदे चालू असताना असल्या कामाला हात घालू नका. शेतकरी लांबून आलेला असतो, त्याला ‘कॉम्प्युटर बंद आहे’ म्हणून परत पाठवणं शोभत नाही.

कऱ्हाड (डीटीपी, लग्नपत्रिका)

आमची अडचण फॉन्टची. इतक्या वर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे पीसीला लावायची परवान्याची किल्ली, लागतो आणि तो चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम जुना. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण असतं, ते जुने ड्रायव्हर अडवतं. ते बंद केलं की चालतं, असं बरेच जण सांगतात. पण सुरक्षेसाठी नवीन घ्यायचं आणि तिथलं कुलूप आपणच काढायचं, हे माझ्या मनाला पटेना.

नवीन काम सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, नव्या मशीनवर. जुनं मशीन जुन्या फाइलींसाठी ठेवलंय. गिऱ्हाईक मागेल तसा एकेक मजकूर युनिकोडमध्ये उतरवतो. कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, आणि ‘कऱ्हाड’ तर हमखास बिघडतं. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावंच लागतं. पत्रिकेत कुणाच्या आजोबांचं नाव चुकलेलं मला चालणार नाही.

सदर बझार, सातारा (निवृत्त शिक्षिका)

माझा लॅपटॉप सहाव्या जनरेशनचा, अपात्र ठरला. मुलगा पुण्याहून म्हणाला, ‘आई, नवीन घेऊन टाकू.’ पण मी त्यावर वर्तमानपत्रं वाचते, लेख लिहिते, नातवंडांशी बोलते. एवढ्यासाठी चांगलं यंत्र भंगारात घालायचं मला पटेना. शेजारच्या मुलानं एसएसडी बसवून लिनक्स मिंट २२ टाकून दिलं, त्याचे अपडेट २०२९ पर्यंत आहेत. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच मिळाला, आणि मी नोकरीत असताना तोच शिकले होते. बँकेचं काम फायरफॉक्सवर होतं. फाइली कुठे ठेवल्यात ते शोधायला सुरुवातीला वेळ गेला, आता सवय झाली. माझ्या वयाच्या बायांनी घाबरू नये म्हणून मुद्दाम लिहिलं.

फलटण (घरचा पीसी)

आम्ही विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टची मुदतवाढ घेतली. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून, सेटिंगचा बॅकअप चालू करून नाव नोंदवलं की घरगुती विंडोज १० ला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विनामूल्य मिळतात. पोरगी बारावीला आहे, तिची परीक्षा होईतो घरात नवीन काही नको.

विश्रामबाग, सांगली (कर सल्लागार)

सगळ्यांचे मनापासून आभार. गणपती पेठेतले दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. एका पीसीत पीटीटी बंद होता. चालू केल्यावर तो अकरावर गेला, टॅलीचा डेटा जागच्या जागी. दुसरा खरोखरच जुना आहे. मिरजेच्या लॅबसारखा त्याला इंटरनेटपासून तोडून मागच्या वर्षांची खाती बघायला ठेवणार आहे. डिजिटल सही ज्यात असते त्या यूएसबी टोकनचं अकरावर काय होतं ते कुणी सांगाल का? रिटर्नच्या तारखा तोंडावर आल्या की तिथे अडून चालत नाही.

कोरेगाव (सेवा केंद्र)

ताई, आमच्याकडं टोकन, अंगठ्याचं मशीन, स्कॅनर तिन्ही अकरावर चालू आहेत. टोकनचा ड्रायव्हर आधी काढून टाका, कंपनीच्या साइटवरून नवीन घ्या, टोकन त्यानंतरच लावा. सही टोकनच्या आत असते, विंडोज बदलल्यानं जात नाही. फक्त टोकनचा पासवर्ड पाठ असू द्या, कारण चुकीचा टाकत राहिलात तर ते लॉक होतं. आणि अपग्रेड करायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघून त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. अपग्रेडनंतर काही अडलंच, तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून परत दहावर जाता येतं. त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप करू नका, जुनी विंडोज त्यातच पुसली जाते. रिटर्नची तारीख होऊन गेली की दुसऱ्या दिवशी करायला घ्या.