संकटात ख्रिस्ती श्रद्धेमुळे मन स्थिर राहतं, की दुःख आत दाबलं जातं?

जालन्याची लेक
सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बऱ्याच घरांचं सोयाबीन पाण्यात गेलं, काहींची जमीनच खरवडून गेली. तेव्हा प्रार्थनासभेत बायबलमधलं 46 वं स्तोत्र वाचायचो: डोंगर समुद्रात कोसळले तरी आम्ही भिणार नाही. माझं ठाम मत आहे की लोक त्या आधारानं सावरले. पंचनामा, बँकेचा हप्ता, पोरांची फी समोर असताना ज्याला आपण एकटे नाही असं वाटतं, त्याचं डोकं जाग्यावर राहतं.

मांजराकाठ
ताई, मी पण ख्रिस्तीच, पण मला पटत नाही. पूर ओसरला की घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "देवावर टाका, रडू नका." ज्याची जनावरं दावणीलाच बुडाली त्यानं रडायचं नाही तर काय करायचं? घाबरला की विश्वास कमी, असं आपणच ठरवून टाकलंय. मग माणूस बोलतच नाही, आणि मनात कोंडून घेतलेल्या कर्जबाजारी शेतकऱ्याचं काय होतं हे मराठवाड्यात सांगायला नको. स्तोत्राआधी त्याला 14416 नंबर द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

जालन्याची लेक
भाऊ, रडू नका असं शास्त्रात कुठंय? क्रुसावर जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून विनवलं. क्रुसावर "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हणाला, तेही 22 व्या स्तोत्रातलंच. नंबर जरूर द्या, पण स्तोत्राला त्याच्या आड आणू नका.

किल्लारी 93
मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात माळकरी. किल्लारीच्या भूकंपात, 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला, दगडमातीच्या जाड भिंती झोपेतच अंगावर आल्या. गळ्यात माळ असलेले गेले, नसलेलेही गेले. नंतर बरीच माणसं शांत दिसायची. ती शांत नव्हती, सुन्न होती, आणि बाहेरून फरक कळत नाही. म्हणून "सावरले" असं इतक्या लवकर म्हणू नका, ताई. वर्षानं परत जाऊन बघा.

पाळकाचा मुलगा
बायबलमधला संदेष्टा एलिया जीवाला कंटाळून झुडपाखाली पडला, मरण मागू लागला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं तिथून बिघडलं. घरोघरी जाणाऱ्यांनी एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ.

मांजराकाठ
हे मान्य. पण आपल्याकडं मंडळीसमोर साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, कोण उभं राहतं? ज्याचं नीट झालं तोच. ज्याचं अजून विस्कटलेलंच आहे त्याच्या हातात माईक द्या. "मला अजून शांती मिळाली नाही" असं त्याला मंडळीसमोर म्हणता आलं पाहिजे, आणि त्यावर कुणी लगेच आमेन म्हणून विषय बंद करू नये.

जालन्याची लेक
रविवारी पाळकसाहेबांशी बोलते. किल्लारीच्या दादांचं वर्षानं परत जायचंही ठेवू. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. आमच्या मंडळीतल्या बायकांनी त्या आठवड्यात चिखल उपसला, भाकऱ्या थापल्या, तहसीलला अर्ज नेऊन दिले, आणि रोज सकाळी आधी प्रार्थना केली. ती वगळून बाकीचं झालं असतं असं त्यांच्यातली एकही म्हणत नाही. त्यांना विचारा.

मांजराकाठ
विचारतो. त्यांच्या नवऱ्यांनाही विचारतो, ते सभेला येत नाहीत.