नुसता 'संशय आला' एवढं पुरत नाही

वर एकांनी लिहिलंय, "पोलिसांना संशय आला की खिसे रिकामे करायला लावता येतात." इतकं सोपं नाही हो ते.

गेल्या पावसाळ्यात गोव्याच्या हद्दीजवळ माझ्या भाच्याला रात्री थांबवलं. स्कूटरवर बांगडा माशांचा क्रेट, बर्फ वितळून पाणी रस्त्यावर ठिबकतंय, आणि पोरगा अर्धा तास हात वर करून उभा. कारण विचारलं तर उत्तर नाही. मला अजून राग येतो.

लायसन मागायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १३०. ते दाखवायचंच. पण विनावॉरंट अटकेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३५ मध्ये 'वाजवी संशय' लागतो, म्हणजे सांगता येईल असं काहीतरी ठोस. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तर अटकेची कारणंही लेखी नोंदवावी लागतात.

अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घेणार असतील तर अमली पदार्थविरोधी कायद्याचं (एनडीपीएस) कलम ५० लक्षात ठेवा: मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागायचा हक्क आहे, आणि तो आधी सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे (सुप्रीम कोर्टाचा बलदेव सिंग खटल्यातला निकाल, १९९९). पिशवीला मात्र हे लागू नाही, सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये तसं स्पष्ट केलंय. बाईची झडती बाईनेच घ्यायची.

हुज्जत घालू नका. नाव, बक्कल नंबर, वेळ लिहून ठेवा.