मदत हवी आहे: मुस्तफा जेमिलेव यांचं बालपण आणि शाळा

क्रिमियन तातार नेते जेमिलेव यांच्यावर लेख लिहितोय. जन्म नोव्हेंबर १९४३. मे १९४४मध्ये सोव्हिएत सरकारने सगळ्या क्रिमियन तातारांना क्रिमियातून हद्दपार केलं, त्यात सहा महिन्यांचं हे बाळ कुटुंबासह उझबेकिस्तानात पोचलं. हद्दपारांना ठेवलेल्या वसाहतींचे नियम सापडलेत: जन्म, मृत्यू, पलायन कुटुंबप्रमुखाने तीन दिवसांत कमांडंटला (वसाहतीवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं, १९४८पासून पळून जाण्याला २० वर्षं सक्तमजुरी. १९५६ला ही नजरकैद उठली, क्रिमियात परतायची बंदी मात्र कायम. किती क्रूर!

अडलंय शाळेपाशी. मातृभाषेतली शाळा नव्हतीच, मग अशी मुलं रशियन माध्यमात जास्त जात की उझबेक? १९५९च्या जनगणनेचा उपयोग नाही, त्यात क्रिमियन तातार सरसकट 'तातार' म्हणून मोजलेत. रशियन किंवा उझबेक वाचणारं कुणी आहे का? त्या काळच्या शाळांबद्दलच्या आठवणी कुठे शोधाव्यात?