'काही बरंवाईट करणार नाहीस ना?' : विचारायचं कोणत्या शब्दांत?

प्रश्न : माजी सैनिकांमधल्या आत्महत्या टाळता याव्यात म्हणून एक भित्तिपत्रक मराठीत करतेय. हाताशी दोन शब्द आहेत, 'आत्महत्या प्रतिबंध' आणि 'आत्मघात निवारण'. दोन्ही खटकतात. शिवाय मुख्य ओळच सुचत नाहीये. घरच्यांनी त्या माणसाला विचारायचं तरी कसं?

उत्तर : ताई, 'आत्मघात' नकोच. पूर्वी त्याचा अर्थ आत्महत्या हाच होता, पण आता हा शब्द वाचला की 'आत्मघाती हल्ला' आठवतो. सैनिकांसाठीच्या पत्रकावर तर तो भलतंच सुचवेल. 'प्रतिबंध' म्हटलं की प्रतिबंधात्मक अटक डोळ्यांपुढे येते. 'आत्महत्या टाळता येते' असं सरळ वाक्य लिहा.

'आत्महत्या केली' यात गुन्ह्याचा ध्वनी आहे म्हणून हल्ली 'आत्महत्येने मृत्यू' असं लिहा म्हणतात. बातमीत तसं जरूर लिहावं, बोलण्यात अजून ते रुळलेलं नाही. पण मला जास्त घातक वाटतात ते बातम्यांतले ठरलेले शब्द. 'जीवनयात्रा संपवली', 'मृत्यूला कवटाळलं' हे मरणाला शोभा आणतात. 'आजाराला कंटाळून' म्हटलं की एका कारणावर बोट ठेवून आपण मोकळे. एकच कारण सहसा नसतं. उडालेली झोप, दारू, जुनं दुखणं, पैशाची ओढाताण आणि पलटण सुटल्यावर आलेलं एकटेपण, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आकडेवारीत सेवा सोडल्यानंतरचं पहिलं वर्ष विशेष जोखमीचं दिसतं. नेमकं तेव्हाच आपण म्हणत असतो, 'पेन्शनीवर आला, आता निवांत.'

आणखी एक. 'देशासाठी जीव दिला' आणि 'त्याने जीव दिला'. क्रियापद तेच. पहिल्याला मानवंदना मिळते, दुसऱ्याच्या घरासमोर कुजबुज. मागे राहिलेल्यांचं दुःख दोन्हीकडे तेवढंच असतं, हे पत्रकात कुठेतरी यायला हवं.

आता तुमचा खरा प्रश्न. मराठीत आपण विचारतो, 'काही बरंवाईट करणार नाहीस ना?' त्यातला 'ना' बघा. तो 'नाही' हेच उत्तर मागतो. विचारणारा घाबरलेला असतो, त्याला धीर हवा असतो आणि समोरचा तो देऊन टाकतो. ज्याने वर्षानुवर्षं 'सगळं ठीक' असाच अहवाल दिलाय, तो तर लगेच देतो. थेट विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही.

आणखी एक प्रतिसाद : वरचं वाचून राहवलं नाही. माझे वडील सैन्यातून घरी आले त्या वर्षी रात्री तीन-तीन वाजेपर्यंत पायरीवर बसायचे. आई दारातून विचारायची, "काही नाही ना?" ते म्हणायचे, "काही नाही, झोप तू." हे कित्येक महिने चाललं. मग एकदा त्यांच्या तुकडीतल्या जोडीदाराचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, "मरावंसं वाटतं का रे?" बराच वेळ आवाज नाही. मग वडील म्हणाले, "हो." तेवढंच. काका दुसऱ्या दिवशी दारात हजर. घरातली परवान्याची बंदूक त्यांनी वडिलांच्या संमतीने, रीतसर घराबाहेर ठेवायची सोय केली आणि डॉक्टरांकडे स्वतः सोबत गेले. वडील आज आहेत.

प्रश्नकर्ती : हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना नमस्कार सांगा. 'शेल शॉक'साठी काय लिहू?

उत्तर : तो शब्द इतिहासातच राहू द्या. पहिल्या महायुद्धात मनाने कोलमडलेल्या सैनिकांसाठी ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो वापरला आणि पुढे त्यांनाच तो अपुरा वाटला, कारण तोफगोळा जवळ न फुटताही माणसं तशीच कोलमडत होती. १९२२ मध्ये ब्रिटिश समितीनेही तो टाकून द्यावा असं सुचवलं. आजचं नाव पीटीएसडी, ते अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत १९८० साली आलं. मराठीत 'आघातोत्तर तणाव विकार' डॉक्टरांच्या कागदावर ठीक आहे, पायरीवर बसलेल्या माणसाला त्यातून काही कळणार नाही. त्याला विचारा, 'रात्री तेच तेच दिसतं का? मन खातं का?' हातून घडलेलं किंवा थांबवता न आलेलं काही आतून पोखरत असेल तर त्याला हल्ली 'नैतिक जखम' म्हणतात. आपल्याकडचा 'मन खाणं' हा शब्दप्रयोग मला त्याहून नेमका वाटतो.

प्रश्नकर्ती : मग ओळ अशी करते :

'मरावंसं वाटतं का? असं थेट विचारा. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका.'

खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोठ्या अक्षरात. 'ना' काढून टाकलाय.