मदत हवी आहे: स्क्रिप्ट नको ते शब्द बदलते, हवा तोच सोडते

त्रस्त_टंक
काम साधं आहे. ४१२ फाइली आहेत, सगळ्यांत ‘कि’चं ‘की’ करायचंय. फक्त सुटा शब्द. स्क्रिप्ट चालवली की ‘किती’चं ‘कीती’ होतं आणि सुटा ‘कि’ जागचा हलत नाही. म्हणजे बरोब्बर उलटं. ‘पूर्ण शब्दच पकड’ असं स्क्रिप्टमध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. दोन दिवस गेले यात. परवा फाइली द्यायच्यात. माहीत असेल त्याने लगेच सांगा. ‘आधी शोधून बघा’ म्हणणाऱ्यांनी पुढे व्हा.

काना_मात्रा
कोणता एडिटर? स्क्रिप्ट कोणत्या भाषेत? ती ओळ इथे टाकाल का?

विमवेडा
विम एडिटरमध्ये हे एका ओळीचं काम आहे. सगळ्या फाइली एकदम उघडा, आर्गडू (उघडलेल्या प्रत्येक फाइलीवर तीच आज्ञा चालवणारी कमांड) द्या, पुढे नेहमीचा बदल: \<कि\> शोधा, की घाला. शेवटी अपडेट, म्हणजे ज्या फाइलीत खरंच काही बदललं तेवढीच सेव्ह होते. ई फ्लॅग मात्र विसरू नका. तो नसेल तर ज्या पहिल्या फाइलीत ‘कि’ सापडणार नाही तिथे एरर येऊन गाडी थांबते आणि पुढच्या फाइलींना हातच लागत नाही. मी १५ वर्षं असंच करतोय.

रेकॉर्डर
स्क्रिप्टच्या भानगडीत पडूच नका. मॅक्रो रेकॉर्ड करा, एकदा बदल करून दाखवा, थांबवा, मग ‘अनेक वेळा चालवा’मध्ये ४१२ आकडा टाका. चहा होईपर्यंत काम तमाम.

त्रस्त_टंक
@रेकॉर्डर, तो प्रयोग पहिल्याच दिवशी झाला. मॅक्रो त्याच एका फाइलीवर ४१२ वेळा चालला. टॅब काही बदलला नाही.
@विमवेडा, मला नवा एडिटर शिकायचा नाहीये, आहे त्यात काम करायचंय.

काना_मात्रा
पण आहे तो कोणता?

जुनं_खोड
मुळात ‘कि’ लिहिलं कोणी? मराठीत उभयान्वयी अव्यय ‘की’ दीर्घच. शाळेत शिकवतात हे. चारशे फाइलींत ऱ्हस्व लिहिणाऱ्या माणसाला आधी नियमांचं पुस्तक द्या, स्क्रिप्ट नंतर. आणि एक लक्षात ठेवा, हिंदीत ‘कि’ बरोबर आहे. मजकुरात हिंदी उतारे असतील तर सरसकट बदल करू नका.

त्रस्त_टंक
नोटपॅड++. दुसरं काय असणार? त्यात पायथनस्क्रिप्ट प्लगिन. स्क्रिप्ट उघड्या टॅबांवर एकेक करून फिरते, मजकूर उचलते, पायथनच्या री मॉड्यूलने (मजकुरातले नमुने शोधून बदलणारा भाग) बदलते, परत ठेवते, सेव्ह करते. पॅटर्नमध्ये ‘कि’च्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी आहे, शब्दाची सीमा. इंग्रजी शब्दांवर करून बघितलं, मुंगीएवढीही चूक नाही. मराठीवरच नाटकं.

@जुनं_खोड, लिहिणारे सहा जण होते, मी नव्हतो. मी फक्त निस्तरतोय.

अर्धविराम
एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा घोळ दिसतोय. फाइली एएनएसआय या जुन्या पद्धतीत असतील. एन्कोडिंग मेनूतून यूटीएफ-८ करा. देवनागरीच्या दर दहा तक्रारींपैकी नऊ तिथेच मिटतात.

त्रस्त_टंक
सगळ्या यूटीएफ-८ आहेत. एएनएसआय असत्या तर मराठी दिसलंच नसतं, प्रश्नचिन्हं दिसली असती. दिसतंय सगळं व्यवस्थित.

अर्धविराम
मग पायथन २ असेल. प्लगिनच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत आत पायथन २.७ होतं, तिसरीपासून ३ आलं. २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. तुकडे पडतात मध्येच. तसंही पायथन २चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला.

त्रस्त_टंक
३ आहे. कन्सोलमध्ये बघून सांगतोय. आणि तुकडे पडले असते तर चौकोन दिसले असते ना? ‘कीती’ असं सुबक कसं झालं असतं? बरं, अजून एक गंमत: ‘किंवा’ आणि ‘किंमत’ यांना स्क्रिप्टने धक्का लावलेला नाही. ‘किती’, ‘किल्ला’, ‘किमान’ मात्र सगळे गेले. यात काही तर्क आहे का?

नवशिकी
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, नोटपॅड++मध्ये काळी थीम लावली की मराठी अक्षरं खूप बारीक दिसतात. फॉन्ट कुठे बदलायचा?

काना_मात्रा
@त्रस्त_टंक, ‘किंवा’चं आधी सांगितलं असतंत तर दोन दिवस वाचले असते. तर्क आहे, आणि पक्का आहे.

पायथनच्या री मॉड्यूलला ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे फक्त अक्षर, अंक आणि अंडरस्कोर. क, त, ल ही अक्षरं. पण वेलांटी, काना, अनुस्वार, हलंत ही युनिकोडमध्ये अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. त्यामुळे आपल्याला वेलांटी ‘कि’चा भाग वाटते, री मॉड्यूलला ती स्वल्पविरामासारखी दिसते.

आता सीमा म्हणजे काय? एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अक्षर नसलेलं काहीतरी. ‘राम म्हणाला कि मी’ यात ‘कि’च्या वेलांटीनंतर मोकळी जागा. वेलांटी अक्षर नाही, जागाही नाही. दोन्ही बिनअक्षरी, म्हणून तिथे सीमाच नाही, म्हणून सुटा ‘कि’ सापडत नाही. ‘किती’त वेलांटीनंतर ‘त’ येतो. बिनअक्षरीनंतर अक्षर, म्हणजे सीमा! सापडला, बदलला. आणि ‘किंवा’त वेलांटीनंतर अनुस्वार, पुन्हा दोन्ही बिनअक्षरी, सीमा नाही, वाचला.

तुमची स्क्रिप्ट तिच्या परीने अगदी बरोबर चालतेय.

त्रस्त_टंक
अरे देवा. एका ओळीवर करून बघितलं: ‘कि किती किंवा किल्ला’. निघालं ‘कि कीती किंवा कील्ला’. तुम्ही म्हणता तस्सं. उपाय सांगा.

काना_मात्रा
बॅकस्लॅश-बी काढून टाका, सीमा स्वतः सांगा. ‘कि’च्या आधी देवनागरी चिन्ह नको, नंतरही नको:

(?<![ऀ-ॿ])कि(?![ऀ-ॿ])

ऀ ते ॿ म्हणजे अख्खा देवनागरी गट, यू+०९०० ते यू+०९७एफ. पहिला ऀ कंसाला चिकटून विचित्र दिसेल. टायपो नाही, ते जोडचिन्ह आहे, कशाला तरी चिकटणारच.

अर्धविराम
यात दंड मार खातो. । हा यू+०९६४ला, म्हणजे याच गटात बसतो. ‘कि।’ असं कुठे असेल तर सुटेल. देवनागरी अंकही याच गटात.

काना_मात्रा
मराठीत वाक्य ‘कि’वर संपून वर दंड? कधी पाहिलंय?

अर्धविराम
जुन्या पोथ्यांच्या मजकुरात दंड असतो. मी फक्त नोंद करतोय. तसंही हे असं हाताने करण्यापेक्षा रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल घ्यावं. त्यात वेलांटी-काना शब्दाचेच भाग धरतात, बॅकस्लॅश-बी सरळ चालतो.

काना_मात्रा
प्लगिनच्या आत जे पायथन येतं त्यात बाहेरचं मॉड्यूल बसवायची खटपट परवाच्या आत कोण करणार? एक ओळ बदलून काम होतंय.

विमवेडा
माझ्याकडे \<कि\> पहिल्यापासून बरोबर चालतंय, एवढंच म्हणतो.

रेकॉर्डर
व्हीएस कोडमध्ये करा ना, तिथे सगळ्या फोल्डरात एकदम बदल करता येतो.

काना_मात्रा
तिथे वेगळी गंमत आहे. उघड्या फाइलीतला रेजेक्स (पॅटर्न देऊन केलेला) शोध जावास्क्रिप्टच्या नियमाने चालतो, आणि जावास्क्रिप्टची सीमा रोमन अक्षरांपलीकडे काही ओळखतच नाही. तिथे ‘क’सुद्धा बिनअक्षरी. आणि मॅक्रोवाल्यांनो, व्हीएस कोडमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करायची मूळची सोयच नाही, वेगळं एक्स्टेन्शन घ्यावं लागतं.

त्रस्त_टंक
चाललं! सुटे ‘कि’ सगळे गेले. @काना_मात्रा, दंडवत.

आता दुसरा प्रश्न. ते जे आधी ‘कीती’ झालेत ते परत कसे आणू? जुनी स्क्रिप्ट सगळ्या ४१२ फाइलींवर चालवून झाली होती. सेव्हसकट.

काना_मात्रा
हे तुम्ही आत्ता सांगताय?
मूळ फाइलींची प्रत?

त्रस्त_टंक
नाही.

जुनं_खोड
धन्य.

अर्धविराम
प्रेफरन्सेसमध्ये बॅकअप नावाचा विभाग आहे. सेव्ह करताना आधीची प्रत ठेवायची सोय तिथे असते. चालू होती का बघा.

त्रस्त_टंक
बघितलं. ‘काही नाही’वर टिंब आहे. म्हणजे मुळात होतं तसंच. टॅबही बंद करून झालेत, त्यामुळे अनडूसुद्धा गेलं.

विमवेडा
‘की’ आणि पुढे लगेच देवनागरी अक्षर असेल तिथे परत ‘कि’ करा. सोपं आहे.

जुनं_खोड
कीर्तन, कीटक, कीड, कीर्ती, कीव. यांचं काय करणार? किर्तन? मग परत इथेच याल.

काना_मात्रा
खोडकाका बरोबर बोलताहेत. सरसकट उलटं फिरवू नका. आधी काही न बदलणारी स्क्रिप्ट लिहा: ‘की’ने सुरू होणारे सगळे शब्द गोळा करायचे, एकदाच, सोबत किती वेळा आले तो आकडा, नव्या टॅबमध्ये यादी. ती डोळ्यांनी वाचा. चुकलेल्यांची जोडी करा, कीती–किती, कील्ला–किल्ला. मग तेवढेच शब्द बदला. आणि या वेळी फोल्डरची प्रत काढून मगच.

त्रस्त_टंक
यादी झाली. पण एक विचित्र आहे. वाचताना सहज ‘चिकीत्सा’ दिसलं. ते ‘की’ने सुरूच होत नाही, यादीत येणार नव्हतंच. हेही माझ्याच स्क्रिप्टने केलं का? का सहापैकी कोणीतरी?

काना_मात्रा
तुमच्याच स्क्रिप्टने. माझी चूक, मी फक्त शब्दाच्या सुरुवातीचा विचार केला. ‘चिकित्सा’त ‘च’ची वेलांटी बिनअक्षरी, पुढे ‘क’. झाली सीमा. म्हणजे शब्दाच्या मध्येही जिथे आधी काना, वेलांटी, अनुस्वार किंवा हलंत आहे आणि ‘कि’नंतर साधं अक्षर आहे, तिथे सगळीकडे घाव बसलाय. ‘एकांकिका’ बघा, ‘अंकित’ बघा, ‘पाकिटात’ बघा.

त्रस्त_टंक
एकांकीका, १९ वेळा. अंकीत, ७. पाकीटात, ३.

जुनं_खोड
आणि ‘पाकिट’ लिहिलेलं असेल तर ते ‘पाकीट’ होऊन सुधारलं असेल. ‘बाकिचे’चं ‘बाकीचे’. आंधळ्याच्या हातून शुद्धलेखन झालंय ते उलटवू नका.

काना_मात्रा
यादी आता अशी करा: ज्या शब्दात कुठेही ‘की’ आणि पुढे अक्षर आहे तो प्रत्येक शब्द. मोठी होईल, पण एकदाच वाचायची आहे. ‘की’नंतर अनुस्वार किंवा मात्रा आहे असे शब्द वगळा, त्यांना स्क्रिप्टने हात लावलेला असणं शक्य नाही.

नवशिकी
फॉन्टचं कोणी सांगाल का?

रेकॉर्डर
सेटिंग्ज, स्टाइल कॉन्फिगरेटर, ग्लोबल स्टाइल्स, डीफॉल्ट स्टाइल. तिथे नाव आणि आकार दोन्ही बदलतात.

नवशिकी
झालं! आभारी आहे.

त्रस्त_टंक
रात्री दीडला यादी वाचून संपली. २०६ वेगळे शब्द निघाले, त्यांतले ८८ खरोखर बिघडलेले. प्रत काढली (हो, काढली), आधी पाच फाइलींवर चालवलं, शब्द न् शब्द ताडून बघितलं, मग बाकीच्यांवर. ‘किती’ परत ‘किती’ झालं. कीर्तन शाबूत आहे.

@जुनं_खोड, फाइलींत हिंदी उतारे निघाले. त्यांतले सगळे ‘कि’ नव्या स्क्रिप्टने ‘की’ केलेत.

जुनं_खोड
किती उतारे?

त्रस्त_टंक
अकरा. हिंदीत ‘की’ही असतो ना, म्हणून स्क्रिप्टच्या नादी लागत नाही. हाताने करतोय.