पुराचे पाणी इंजिनात गेले : ‘फुल इन्शुरन्स’ असताना इंजिनाचा खर्च का नाकारला?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. आमची साडेचार वर्षांची, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल कार शाहूपुरीतील इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये उभी असते. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, नदीचा फुगवटा जयंती नाल्यात आला आणि रात्रीत पाणी गाडीच्या सीटपर्यंत चढले. दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर भाच्याने चावी फिरवून पाहिली. गाडी क्षणभर सुरू झाली, खाडकन आवाज आला आणि बंद पडली. गॅरेजवाल्यांनी इंजिन उघडले, तेव्हा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकलेला निघाला.

विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्वेअरने वायरिंग, सीट आणि आतील साफसफाईचा खर्च मान्य केला आहे, मात्र इंजिनाचे सुमारे १,४०,००० रुपये ‘परिणामजन्य नुकसान’ म्हणून वगळले आहेत. पॉलिसीवर पूर हा शब्द स्पष्ट छापलेला असताना असे करता येते का? शिवाय जे मंजूर झाले, त्यातूनही बरीच कपात दिसते, ती कशाची?

निवृत्त सर्वेअर

आपल्याकडे ज्याला सर्रास ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, ती प्रत्यक्षात पॅकेज पॉलिसी असते आणि तिचे दोन भाग असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी भाग. त्यातून समोरच्याचे नुकसान भरून मिळते, आपल्या गाडीचा एक पत्राही नाही. दुसरा भाग आपल्या गाडीसाठी असून त्यात आग, चोरी, दंगल, भूकंप, वादळ, दरड आणि पूर ही कारणे नावानिशी येतात. म्हणजे पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी बुडाली, हे नुकसान विम्यात आहेच, आणि त्याबाबत कंपनीचाही वाद दिसत नाही.

वाद आहे तो चावी फिरवल्याचा. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते. तिथे पाणी शिरले असेल, तर ते दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि सगळा जोर रॉडवर येतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. गाडी नुसती बुडून राहिली, तर इंजिनात गंज, चिखल, पाणी मिसळलेले तेल सापडते, पण रॉड वाकत नाही. त्यामुळे वाकलेला रॉड दिसला, की इंजिन पुरानंतर फिरवले गेले हे सर्वेअरला सांगावे लागत नाही. कंपनीचे म्हणणे असे, की पुराने गाडी भिजवली आणि रॉड मात्र नंतरच्या कृतीने वाकला, म्हणून ते ‘परिणामजन्य नुकसान’. इंजिन प्रोटेक्ट हे जादा हप्ता भरून घ्यायचे जोडकलम याच नुकसानीसाठी असते. आपल्या पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर ते आहे का, हे आधी पाहा.

कपातीचे म्हणाल, तर ती घसाऱ्याची, म्हणजे वापराने भागांची घटलेली किंमत वजा केल्याची आहे. झिरो डेप, म्हणजे ही कपात टाळणारे जोडकलम नसेल, तर रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के, तसेच चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के वजा होतात. काचेवर घसारा लागत नाही. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची सक्तीची वजावट आपल्या गाडीला १,००० रुपयांची आहे. इंजिनाची रक्कम मंजूर झाली, तरी त्यातील धातूच्या सुट्या भागांवर हा घसारा लागेलच, तेव्हा पूर्ण १,४०,००० हातात येतील असे धरून चालू नका.

शाहूपुरीकर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. इंजिन प्रोटेक्ट नाही. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी व्हावा म्हणून मीच ते काढले होते. एक अवघड प्रश्न विचारतो. क्लेम फॉर्ममध्ये गाडी सुरू केल्याचा उल्लेख अजून केलेला नाही. तो टाळला तर?

निवृत्त सर्वेअर

टाळू नका. फॉर्मवर आपली सही असते आणि माहिती खोटी ठरली, तर इंजिनच काय, मान्य झालेली वायरिंग आणि सीटही अडचणीत येतील. उघडलेले इंजिन तुमच्याविरुद्ध बोलणारच आहे.

रमणमळा

आमची गाडी ऑगस्ट २०१९ च्या पुरात बुडाली होती. तेव्हा शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेल्याने टोइंग कित्येक दिवस मिळेना, पण आम्ही चावीला हात लावला नाही. बॅटरीची तार काढली, दारावरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो घेतले, कंपनीला फोन करून तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवला आणि गाडी उचलूनच गॅरेजला नेली. इंजिन उघडून साफ करण्याची मजुरी मंजूर झाली. ऑइल आणि कूलंट मात्र खिशातून गेले, कारण त्यांना कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तू म्हणतात. शहाणपणापेक्षा शेजारच्या मेकॅनिकचा दम जास्त कामाला आला, हे कबूल करतो.

ग्राहक चळवळीतील एक

सर्वेअर साहेबांनी कंपनीची बाजू नीट मांडली आहे, परंतु ती अखेरची मानू नये. पूर आलाच नसता, तर सिलिंडरमध्ये पाणी गेले नसते. मग नुकसानीचे निकट कारण, म्हणजे ते घडवणारे मुख्य कारण, पूर की चावी, हा युक्तिवाद करण्याजोगा मुद्दा आहे. विशेषतः पाणी इंजिनापर्यंत पोचले होते, हे सामान्य माणसाला बाहेरून कळणे शक्य नव्हते आणि भाच्याने चावी निष्काळजीपणे नव्हे, तर गाडी हलवण्यासाठी फिरवली, हे लेखी मांडा. भर पाण्यातून गाडी दामटणाऱ्यापेक्षा तुमची बाजू नक्कीच बरी आहे, मात्र यशाची खात्री कोणी देऊ नये.

आधी नकाराचे कारण आणि सर्वेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. नंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्यातील विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. लोकपालांचा निर्णय पटला नाही, तर कोल्हापुरातील जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. मान्य झालेली रक्कम घेताना ‘पूर्ण व अंतिम’ अशा मजकुरावर सही करण्यापूर्वी तो नीट वाचा, कारण पुढची तक्रार तिथेच अडते.

शाहूपुरीकर

आज फॉर्ममध्ये चावी फिरवल्याची तारीख, वेळ आणि कारण लिहून दिले. अहवालाच्या प्रतीसाठी ईमेल पाठवला असून वाकलेला रॉड गॅरेजमध्ये पिशवीत नाव लिहून ठेवायला सांगितला आहे. भाच्याला अद्याप कोणी काही बोललेले नाही.