मदत हवी आहे: जुन्या गाडीला १० पीपीएम (कमी सल्फरचं) डिझेल चालतं का, आणि नवीनला पंपाबाहेरचं?

मंडळी, माझ्याकडे दोन गाड्या आहेत, एक बीएस३ दहाचाकी आणि एक नवीन बीएस६ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक). एप्रिल २०२० पासून पंपावर सगळीकडे १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) सल्फरवालंच डिझेल मिळतं, बीएस४ ला ५० होतं आणि बीएस३ ला तर ३५०, एवढं मला माहितीये. आता आमचा मिस्त्री म्हणतो सल्फर कमी म्हणजे डिझेल कोरडं, जुन्या गाडीचा पंप घासतो, म्हणून टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑईल घाल. पण कंपन्या वंगणासाठी अ‍ॅडिटिव्ह टाकतातच ना डिझेलमध्ये? मग हे ऑईल घालायचं की नाही? कोणी घालून बघितलंय का?

दुसरं म्हणजे हायवेला एकजण बायोडिझेलच्या नावाखाली स्वस्तात काहीतरी विकतोय, बिल मागितलं की गप्प. ड्रायव्हर म्हणतो भाऊ नवीन गाडीत टाकू, पैसे वाचतील. मला भीती वाटते कारण त्यात सल्फर किती कोण सांगणार, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोकअप झाला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट गेला तर वॉरंटी पण गेली समजा. आत्ताच एकदा डीपीएफचा दिवा लागून गेलाय, ड्रायव्हरने गुपचूप टाकलं असेल का ते? टाकी रिकामी करून डिझेल फिल्टर बदलू की आधी रीजनरेशन (डीपीएफमधली काजळी जाळणं) करून बघू? अनुभव असेल त्यांनीच सांगा प्लीज.